मोजूनच पाहिजे

हसायचं तर हसा, पण सेन्सर मीच मागून घेतलता. गाडी ट्यून कराले सिंदी मेघेत सुधीर मेकॅनिककडं गेलतो. तो म्हणे, "इंजिनात जाणारी हवा सेन्सरनं मोजू, का सेन्सरशिवाय प्रेशरवरून अंदाज धरू?"

म्हटलं, "आम्ही कापूसवाले. अंदाजावर भरोसा नाई, मोजूनच पाहिजे."

मंग घरी येऊन मी हवेतला कचरा अडवणारा एअर फिल्टर काढून टाकला, आवाज भारी येते म्हणून. चौथ्या दिवशी कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटातच गाडी बंद पडली. मागं कापसाच्या गाड्यांची रांग. सुधीरले बोलावलं. त्यानं सेन्सर काढला, तर त्याले कापूस चिकटलेला.

"सेन्सर खराब निघाला ना?" मी विचारलं.

"नाई," सुधीर म्हणे, "तूच म्हटलं होतं मोजूनच पाहिजे. त्यानं कापूसही मोजला."