तिसऱ्या वाफ्याचं काळं कापड

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या रोपवाटिकेचे मालक, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते माळीकाका आणि काकू, आणि पॅकिंगमधल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आज माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे राहील. का, ते शेवटी सांगते.

आज निवृत्त होणाऱ्या काकांनी इथे चौतीस वर्षं शेवंती लावली. शेवंती एका बहरात संपत नाही. फुलं उतरली की झाड बुडाशी छाटायचं, मग मुळातून नवे कोंब येतात. छाटणी फार खाली गेली की काका ओरडायचे, "अहो बाई, केस कापायचेत, मान नाही!" ही बाई म्हणजे मीच. म्हणूनच मला पॅकिंगला पाठवलं असावं.

सात वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी मालकांकडे दिव्यासाठी एक अर्ज दिला होता. मागच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतची गल्ली काळोखी होती. एकीचा पाय मुरगळला होता. शिवाय एक माणूस रोज मागेमागे यायचा. अर्ज माझ्या अक्षरात होता. दिवा लागला आणि तो माणूस दिसेनासा झाला.

पुढच्या हंगामापासून काका कुंपणालगतच्या तिसऱ्या वाफ्यावर काळं कापड ओढायला लागले. संध्याकाळी ओढायचं, सकाळी काढायचं. मी जाताजाता म्हणायची, "पांघरूण घातलंत, आता अंगाईही म्हणा!" ते म्हणायचे, "थंडी वाजते त्यांना. तुम्ही बस पकडा."

आता मला सांगा, शेजारच्या दोन वाफ्यांना थंडी वाजत नव्हती का? रोज शेवंतीच्या जुड्या बांधणाऱ्या मला हा प्रश्न सहा वर्षं पडला नाही.

गेल्या महिन्यात कामं सोपवताना काका म्हणाले, "कळ्या धरायच्या दिवसांत सहाच्या आत कापड. एक दिवसही चुकवायचं नाही."

"याच वाफ्याला का?"

ते कात्री पुसत राहिले. मग म्हणाले, "शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. उजेड पडला की तिला वाटतं, अजून दिवसच आहे. नुसता पाला वाढतो."

"कुठला उजेड?"

त्यांनी नुसतं गल्लीकडे पाहिलं.

दिवा लागला त्या वर्षी तो वाफा फुललाच नव्हता. मालकांनी दिवा काढायला माणूसही बोलावला होता. साहेब, हे तुम्हीच मला परवा सांगितलंत, म्हणून इथे बोलते. तेव्हा काका तुम्हाला म्हणाले होते, "दिवा राहू द्या. फुलांचं मी बघतो."

मी काकांना विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्हीच दिवा काढायला लावला असता."

खरं आहे. लावला असता.

काकू सांगतात, "घरातला एक पडदा या माणसाने कधी सरळ केला नाही. पण सुट्टीच्या दिवशी अर्धा चहा टाकून कापड ओढायला पळायचे." काकू, त्या अर्ध्या चहांबद्दल आम्हा सगळ्यांच्या वतीने माफ करा.

साहेब, काका निवृत्त झाल्यावर रोज कापड कोण ओढणार, म्हणून दिवा काढायचा विचार पुन्हा चालू आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. यावेळी अर्ज लिहून आणलेला नाही, तोंडीच सांगते. दिवा राहू द्या. फुलांचं आम्ही बघतो. आम्ही अकराजणींनी पाळ्या लावून घेतल्या आहेत, सुट्टीच्या दिवसांसकट.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मला भाषणाची सवय नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर घरचीच म्हणून सोडून द्या. हारतुरे, फोटो होऊ द्यात, पण मला आता निघायला हवं. सहाला दहा कमी आहेत.

काका, तुम्ही उठू नका. बसा. आज माझी पाळी आहे.