कमरेपर्यंत अफवा

ताई: बूट काढ आधी.

भाऊ: अगं ताई, सगळीकडे चिखलच तर आहे.

ताई: म्हणूनच काढ. सकाळपासून उपसतेय मी हा. त्यात तुझ्या पाटबंधारे खात्याची आणखी भर नको. आणि ते फावडं घे. बोलायचं असेल तर उपसत बोल.

भाऊ: बरं. मी काय सांगत होतो, उद्या मंत्री पाहणीला येतायत. सगळ्या गल्लीत तुझंच घर निवडलंय.

ताई: का? माझा चिखल जरा वरच्या दर्जाचा आहे का?

भाऊ: तुझ्या शिलाई मशिनी वाचल्या ना. पूर आला त्या संध्याकाळी गल्लीत फक्त तुझंच सामान माळ्यावर गेलं होतं. मोठे साहेब म्हणाले, ही बाई दाखवा. सरकारनं वेळेवर इशारा दिला, बाईंनी ऐकला, दुकान वाचलं. तू फक्त एवढंच म्हणायचं, ‘मला वेळेवर इशारा मिळाला.’ ते पुष्पगुच्छ देतील, फोटो होईल, संपलं.

ताई: मला इशारा सरकारनं दिला?

भाऊ: मी फोन केला ना तुला? मी धरणावर नोकरीला. म्हणजे सरकारच की. खोटं कुठंय त्यात?

ताई: वा रे सरकारा! तुझं नाक पुसून पुसून माझे पदर खराब झालेत.

भाऊ: चेष्टा नको ना करू. माझ्यावर सोपवलंय त्यांनी हे.

ताई: मग मला सांग, सरकारला गल्लीत एकच बहीण होती का? बाकीच्यांना का नाही कळवलं?

भाऊ: भोंगा वाजवायला वरची परवानगी लागते. आमच्या साहेबांनी वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर. मंत्री कुठल्याशा उद्घाटनाला गेले होते, फोन उचलेनात.

ताई: आणि धरणाचे दरवाजे उघडायला?

भाऊ: त्याला नाही लागत. पाणी चढलं की उघडायचेच, नाहीतर धरण जातं.

ताई: म्हणजे पाणी सोडायला कुणाला विचारायचं नाही, पण पाणी सोडलंय हे सांगायला मंत्री लागतो.

भाऊ: नियम आहे तो. लोकांत घबराट होऊ नये म्हणून.

ताई: नाही हो झाली घबराट. अगदी शिस्तीत बुडालो आम्ही.

भाऊ: निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, ताई?

ताई: मग पगार निसर्गाला द्या. तो कोपरा राहिला बघ, तिथनं काढ.

हवालदार: बाई, आहात का घरात? उद्याच्या बंदोबस्ताचं बघायला आलोय. मंत्र्यांची खुर्ची कुठं ठेवायची?

ताई: या, हवालदार. ठेवा जिथं बुडणार नाही तिथं. हा माझा धाकटा भाऊ. आणि भाऊ, हे तेच, ज्यांनी मला त्या संध्याकाळी चौकीत नेलं.

भाऊ: चौकीत? तुला? बोलली नाहीस मला!

ताई: तू कुठं विचारलंस? ‘मशिनी वाचल्या का?’ एवढंच विचारलंस.

हवालदार: नेलं म्हणजे, आपलं बसवलं. पाणीसुद्धा विचारलं प्यायला. त्याचं काय झालं, बाई मशिनी वर चढवून झाल्यावर ताट बडवत गल्लीभर हिंडायला लागल्या. ‘पाणी येतंय, वर चढा, पाणी येतंय!’ भोंगा तर वाजला नव्हता. आणि आम्हाला वरून आदेश, अफवा पसरवणाऱ्याला उचला. मी काय करणार?

भाऊ: मग?

हवालदार: मग काय, अफवा चौकीत आली.

ताई: कमरेपर्यंत आली तेव्हा सोडलं मला यांनी. तोवर आपलं चालूच, ‘सही करा, बाई, सही करा.’

हवालदार: खोटं कशाला बोलू, मला पोहता येत नाही. बाईंनीच मला टेबलावर चढवलं. तक्रारीचा कागद गेला वाहून. तो गुन्हा नोंदवायचा राहिलाय अजून. उद्या सत्काराच्या आधी नोंदवू की नंतर, विचारायचंय साहेबांना.

ताई: आधीच नोंदवा. हार घालून बेड्या घातल्या तर फोटो बिघडेल.

हवालदार: ते एक कळलं नाही बघा मला अजून. किती विचारलं तेव्हा, बाई, तुम्हाला सांगितलं कुणी? तर म्हणे, गुडघा दुखतोय, त्यावरून कळलं!

(भाऊ फावडं भिंतीला टेकवून उभा राहतो.)

भाऊ: ताई...

ताई: ‘माझं नाव कुठं घेऊ नकोस, नोकरी जाईल,’ असं तूच म्हणालास ना? नाही घेतलं. सगळी गल्ली हसली माझ्या गुडघ्याला. समोरच्या काकूला तर मी हाताला धरून ओढलं. म्हणते कशी, ‘तुझ्या गुडघ्यापेक्षा सरकारला जास्त कळतं. भोंगा वाजला की चढते वर.’ तेवढ्यात हे आले मला न्यायला. परत येईपर्यंत काकूच्या घरात डोक्याच्या वर पाणी होतं.

भाऊ: माहीत आहे मला.

ताई: नाही माहीत तुला. ‘भावाचा धरणावरून फोन आलाय’ एवढं एक वाक्य बोलले असते ना, तर उठली असती ती. लहानपणी तू तिच्या घरी जेवून आपल्या घरी नुसता झोपायला यायचास. तुझं ऐकलं असतं तिनं. मला तुझा राग येतो, भाऊ. आणि माझा त्याहून जास्त येतो.

हवालदार: म्हणजे फोन यांचा... मी काही ऐकलेलं नाही बरं का. माझ्या कानात अजून पाणी आहे पुराचं.

ताई: आता एक सांग. तो भोंगा वाजवतात कुठनं?

भाऊ: आमच्याच खोलीतनं. बटण आहे.

ताई: तुझ्यापासून लांब?

भाऊ: नाही. समोरच.

ताई: दाबलं असतंस तर काय झालं असतं?

भाऊ: निलंबन.

ताई: आणि?

भाऊ: आणि काकू असती.

हवालदार: मी बाहेर थांबू का जरा?

ताई: थांबा इथंच. तुम्हीही त्यातलेच.

भाऊ: मी उद्या खरं बोललो ना, तर म्हणतील, याला आधी कळलं होतं, याच्या हातात बटण होतं, यानं फक्त बहिणीचं दुकान वाचवलं. सगळं माझ्या अंगावर ढकलतील. मंत्री नामानिराळा, मी अडकेन.

ताई: अडकशील. थोडं अडकायलाच हवं तुला. पण तू तोंड उघडल्याशिवाय तो अडकत नाही, हेही खरं. उद्या त्यानं विचारलं की मी म्हणणार, हो, मिळाला इशारा, माझ्या भावाचा. भोंगा का नाही वाजला ते भावालाच विचारा. पुढचं तू बोल. नाही बोललास तर तुझ्या वतीनं मी बोलेन, आणि मी बोलले की काय होतं ते ठाऊक आहे तुला.

हवालदार: वार्ताहर येणार आहेत, बाई. सगळ्यांसमोर बोलणार?

ताई: मग काय माळ्यावर नेऊन त्यांच्या कानात सांगू?

हवालदार: तसं नव्हे. वरून आदेश आला तर पुन्हा उचलावं लागेल मला तुम्हाला. आधीच सांगून ठेवतो.

ताई: उचला. या वेळी वरच्या मजल्यावर बसवा म्हणजे झालं.

भाऊ: आणि माझी नोकरी?

ताई: गेली तर काजं-बटणं करायला ये माझ्याकडे. पगार वेळेवर मिळेल, बोलणीही खाशील. पण ते नंतरचं. आत्ता समोर जा. काकूचा मुलगा एकटाच बसून असतो दिवसभर. माझ्याशी बोलत नाही तो. माझ्या मशिनी कशा वाचल्या, हाच प्रश्न असणार त्याच्या डोक्यात. त्याला हे उद्या फोटोवाल्यांच्या गर्दीत कळता कामा नये. तुझ्याकडून कळू दे.

भाऊ: काय बोलू मी त्याच्याशी?

ताई: मला सुचलं असतं तर मीच नसते गेले?

भाऊ: मला बघून त्यानं दारच नाही उघडलं तर?

ताई: दार कुठं राहिलंय त्याला? जा. सरळ आत जा.