लसणाची ओळ

हसू नका राव, पण एका मोठ्या करारातला लसूण मी माझ्या हातानं काढलाय. तेव्हा मी दिल्लीत एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो. शेजारी देशांशी होणाऱ्या मुक्त व्यापार कराराचा मसुदा माझ्याच कॉम्प्युटरवर होता. ज्या मालावरचा आयात कर कमी करायचा नाही, त्याची यादी त्यात होती आणि त्या यादीत लसूण होता. आमच्या गावी, बोरीला, माझा थोरला भाऊ लसूणच लावायचा.

बैठकीतून साहेब घाईत आले. "समोरचे अडून बसलेत. काहीतरी सोडावं लागेल. लसूण काढ."

मी म्हणालो, "साहेब, आमच्या जुन्नरकडं लोक लसणावर जगतात."

"मग आधी का नाही बोललास?"

"आधी कुणी विचारलं नाही, साहेब."

"आता उशीर झालाय. काढ."

मी ती ओळ खोडली.

पुढं सुट्टीला गावी आलो. आळेफाट्याच्या हॉटेलात भाऊ चारचौघांना सांगत होता, "आमी नाय घाबरत. करार आमचा धाकटा लिवतोय. त्यो आपला लसूण सोडंल व्हय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"न्हाई सोडणार," मी म्हणालो. करारावर सह्या होऊन तेव्हा आठवडा झाला होता.