दगड काढून लिंबू

चहा घ्या, पण हसू नका. एका लिंबानं आमची आई कायमची आडवी केली.

थोरला भाऊ दत्ता वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाला आन् जीपमागं जोडायची झोपायची गाडी घेऊन आला. आत दोन पलंग, शेगडी, इंजिन नाय. आई म्हणाली, "पहिली मी बसणार. मला माहेरी बिडकीनला ने." आन् बसलीसुद्धा आत जाऊन.

उस्मानपुऱ्यातली आमची गल्ली उताराची. दोन्ही गाड्यांची पूजा वेगळी करायची, म्हणून दत्तानं जीप सोडवून पुढं घेतली. मागच्या गाडीच्या चाकांना दगड लावले होते. वहिनी लिंबं घेऊन वाकली.

"अहो, इथं तर दगड हाय. लिंबू कुठं ठेवू?"

"मग काढ की दगड!"

त्या गाडीचा ब्रेक वेगळा ओढावा लागतो, हे या शहाण्याला ठाऊकच नव्हतं. वहिनीनं दगड काढले. लिंबू फुटलं, आन् गाडी आईला घेऊन उतारानं थेट कोपऱ्यावरच्या भिंतीत.

खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता जिना नको, प्रवास तर नकोच. तेव्हापासून ती अंगणात, त्याच चेपलेल्या गाडीत झोपून असते. डोकंही जाग्यावर राहिलं नाय. रोज दुपारी विचारते, "बिडकीन आलं का रं, दत्ता?"

दत्ता बाहेर येतो आन् तिला झोप लागेस्तोवर गाडीपुढं उभी जीप नुसती चालू ठेवतो.