पुनमची गोळी

...आन् वरून म्हणते, "बाबाजी, गोळ्यांची पिशवी पूर्ण उलटी करा!" केली ना बाप्पा उलटी! तुमाले सांगतो, मुलचेऱ्याच्या दवाखान्यात औषधं देते ना ती दिव्यानी म्याडम, डॉक्टर नाई बरं, पन म्हाताऱ्यांच्या साऱ्या गोळ्या टेबलावर मांडते आन् एकेक तपासते. मी गेलो चक्कर येते म्हणून, धानाच्या बांधीत दोनदा खाली बसलो... तं बाई माह्याकडं पाहतच नाई, गोळ्याच पाहून राह्यली!

"ही कोणी देल्ली?" म्हटलं, प्रवीणनं. पोरगा नागपूरले असते, त्याच्या डॉक्टरची. सकारी फोन येते त्याचा, "बाबा, बीपीची घेतली? ठेवतो." झालं! "आन् ही?" म्हटलं, ही पुनमची. पोरगी पुण्याले. दिवाळीत गेलो तं तिच्या डॉक्टरनं देल्ली. संध्याकारी तिचा फोन, "बाबा, गोळी घेतली का? जेवलात का? भाजी काय केली?" गोळीच्या निमित्तानं पोरगी दहा मिनटं बोलते हो! गोळी काय, कुठीबी भेटते.

म्याडमनं कपाळाले हात लावला. "बाबाजी, नाव वेगळं, रंग वेगळा, पन औषध एकच! डबल खाऊन राह्यले तुमी. चक्कर नाई येईन तं काय होईन? एक बंद!"

एक बंद?... कोणती? पोराची का पोरीची? म्हटलं, म्याडम, शुगरची बंद करा ना, तिले कोणी विचारत नाई! हासली. डॉक्टरले विचारून आली, म्हणे सकारची राहू द्या. आन् माह्याच फोनवरून पुनमले कळवलंबी! पोरगी काय म्हणते? "बरं झालं मॅडम, रोज आठवण करायचं टेन्शन गेलं." टेन्शन!... गोळी काय, कुठीबी भेटते!

पंधरा दिवस झाले. चक्कर गेली, बांधीत ताठ उभा राह्यतो, म्याडमले नाव ठेवीन तं जीभ झडो माही. पन संध्याकार झाली का फोन घेऊन बसतो ना मी... वाजला तं कंपनीवाली बाई, "रिचार्ज करा!" काऊन करू? कोणासाठी करू? गोळी काय, भाऊ, कुठीबी...

काल म्याच लावला. म्हटलं, पुनम, टोंगळा भलता दुखून राह्यला. "अय्यो बाबा! गुडघ्याचं मलम पाठवते, सात दिवस न चुकता लावा, मी रोज विचारीन!" दुखत-बिखत काई नाई हो... पन सात दिवस तं फोन पक्का झाला! आठव्या दिवशी दुसरा टोंगळा आहेच.