ट्राउडीच्या बाजूचा काटा

घाटाखालच्या गॅरेजात मी माझ्या गाडीसाठी थांबलो होतो. शेजारी मेकॅनिक वेरोनिका एका म्हाताऱ्याच्या जुनाट कॅम्पर व्हॅनमध्ये डोकं घालून बसली होती.

“आजोबा, इंजिन पार भाजलंय. घाटात एकदाही थांबला नाहीत?”

“तापमानाचा काटा खालीच होता की! कशाला थांबू?”

“हा, स्टिअरिंगसमोरचा नव्हे, पलीकडच्या सीटसमोरचा?”

“हो, ट्राउडीच्या बाजूचा. मी रस्ता बघायचो, बायको काटा. ‘चढला रे लोरेंझ, थांबव’ म्हणाली की थांबायचो. ती कॉफी ओतायची, तोवर इंजिन निवायचं. तीस वर्षांत कधी तापलं नाही. यंदा मी एकटाच. ती हिवाळ्यात गेली.”

“आजोबा, या मीटरची तार जोडलेलीच नाही.”

“आत्ता तुटली असेल.”

“तुटली नाही हो. टोकाची कंपनीची प्लास्टिकची टोपीसुद्धा अजून काढलेली नाही. बसवला कुणी हा?”

“मीच.”

म्हाताऱ्याने वाकून तारेच्या टोकाची टोपी बोटाने चाचपली.

“तरीच! दर वेळी घाटातलं तळं दिसलं की तिचा काटा चढायचा.”

“जोडून देऊ?”

“नको. तळं दिसलं की थांबेन मी.”