शब्द मागे घ्यायचं बटण

—नाही, खाली नको, पिंजरा त्या खुंटीला लाव, मांजर फिरतं इथे. आणि हे गेथुक कशाला आणलंस? मागेलांगहून क्लातेनपर्यंत मोटारसायकलवर एका हातात पिंजरा, वर हँडलला ही मिठाई — ठेव, ठेव तिकडे. कालचं अजून संपायचंय. काल बोयोलालीचा एक जण दुधाच्या वड्या घेऊन आला होता. त्याच्या आधी वोनोसारीचा, केळी घेऊन. बसतात, चहा पितात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि जातात. प्रत्येकाजवळ एक झाकलेला पिंजरा असतो, तो कुणी उघडत नाही. आमची म्हातारी म्हणते, "म्हातारपणी केवढा मान मिळतोय तुम्हाला." मलाही तसंच वाटत होतं. जरा ताठच बसायला लागलो होतो मी ओट्यावर.

तू प्रासेत्यो ना? हां. 'अंगणा'तला. नाव ओळखीचं वाटलं. माझा शब्द आहे बहुतेक तुझ्यावर — असणारच, कुणावर नाही? कुणी आलं, "म्बाह करसो, आजोबा, तेवढा शब्द द्या" म्हणालं, की मी दिला. समोर बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तुझ्या घरी तरी म्हणतात का? मग. ज्या पोरांनी हे अंगण फोनावर मांडलं ती हुशार, पण त्यांनी ते मांडलं ते आपल्यासारख्या माणसांसाठी नव्हे. म्हणजे बघ — कुणी मालक नाही, कचेरी नाही, माझ्या मुराई पक्ष्याचं गाणं माझ्या फोनात, तिथून तुझ्या फोनात, तुझ्याकडून तिसऱ्याकडे. चांगलं. पण मग कुठलं गाणं पिल्लाला ऐकवायचं आणि कुठलं नाही, हे कोण सांगणार? तर ज्याने कानांनी ऐकलं त्याने शब्द द्यायचा. निळं बटण. वाईट असेल तर लाल. आणि ज्याच्यावर पुष्कळांचा शब्द, त्याचा शब्द जड. मी तिसरी शिकलेला माणूस, आणि माझा शब्द सगळ्यांत जड. मी एकदा निळं दाबलं की सुराबायापर्यंतची पोरं फोन पिंजऱ्याशी ठेवून दिवसभर तेच वाजवणार. मला फार गंमत वाटायची. जन्मभर घरात माझं कुणी ऐकलं नाही, आणि इथे पक्षीसुद्धा ऐकतात.

चहा घे. गोड आहे, आम्ही असाच करतो.

तर लाल बटण. सांगू, आजवर मला लाल किती आले? एकही नाही. तुला काय वाटतं, का? माझे कान तेवढे चांगले म्हणून? — तू मान हलवतोस, बघ, हेच. वडीलधाऱ्याला लाल कोण दाबणार? लाज वाटते. त्यापेक्षा माणूस गाडीला किक मारतो, वाटेत केळी घेतो आणि इथे येऊन गुडघे विचारतो. लाल बटण म्हणजे केळी, लाल बटण म्हणजे दुधाच्या वड्या. हे मला कळायला किती केळी खावी लागली. अंगणातल्या पोरांना हे ठाऊक असतं तर त्यांनी मिठाई मोजायची सोय केली असती.

पिंजऱ्यावरचं कापड काढ. काढ रे, संकोच करू नकोस, मला माहीत आहे. परवाच कळलं. शेजारच्या परमीनचा मुराई कुंपणापलीकडे गात होता, मी आपला डोळे मिटून डोलत होतो, आणि म्हातारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "परमीनच्या पक्ष्याला चार्जिंग लागलंय." मी म्हटलं, काय बोलतेस. तर म्हणाली, "गातो गातो आणि मध्येच टीट करतो. तुमचा फोन मरायला आला की करतो ना, अगदी तस्सा." आणि मग तिने विचारलं, "तुम्हाला नाही ऐकू येत?"

काय सांगणार? येतं म्हणालो.

गातोय का हा तुझा? गळा हलतोय. शेपटी उडवतोय, म्हणजे आता वरच्या सुरात गेला असेल. मी असंच ओळखतो हल्ली — शेपटीवरून. आता केला का टीट? केला? तुझ्या तोंडावरून कळलं. हसू दाबू नकोस, हस. मीही हसलो असतो. सगळ्या जावा बेटावर पिंजऱ्यापिंजऱ्यातून बॅटरी संपत आलीय, आणि ती कुणाची, तर माझ्या मांडीवरच्या फोनची. मीच ध्वनिमुद्रण केलं, मीच ऐकलं म्हणालो, मीच निळं दाबलं. लुरिकचं गाणं ते. लुरिक माझा मुराई.

पिल्लू कितीचं हे? पिसं झडायला लागलीत की. मग घाई कर. या दिवसांत जे कानावर पडेल ते गळ्यात बसतं, नवी पिसं आली की संपलं, मग जन्मभर टीट. अजून चार-सहा आठवडे हाताशी आहेत. ते गाणं बंद कर, तुमच्या गावात कुणाकडे जुना गाणारा कॅनरी पक्षी असेल, त्याच्याशेजारी टांग, विसरेल. तुझा विसरेल. पण बाकीच्यांचं काय — सगळीकडे आत्ता पिसं झडतायत, आणि सगळीकडे फोन चालू. पुसता येत नाही ते. मालकच नाही तर पुसणार कोण? लाल पडलं तर मात्र ते खाली जातं आणि ज्याच्या त्याच्या फोनात आपोआप थांबतं. म्हणून म्हणतो, तू दाब. एकाने दाबलं की बाकीचे दाबतील, वाटच बघतायत. काढ फोन. मी रागावणार नाही. मी स्वतः सांगतोय ना.

नाही? नाहीच म्हणतोस. म्हणजे म्हणतही नाहीस, चहाकडे बघतोस. अगदी माझ्यासारखा आहेस बाबा.

मी काय करू म्हणतोस? मला कुठे येतं ते — म्हणजे, येतं. शब्द मागे घ्यायचं बटण आहे. माझा शब्द गेला की त्या गाण्याखाली दुसरा टेकूच नाही, एका झटक्यात थांबेल. परवापासून रोज उघडून बघतो मी ते. बोटं जाड आहेत, दिसत नाही नीट — असं म्हातारीला सांगितलंय. नावाचं काय, नाव गेलं तर केळी थांबतील, एवढंच. ते नव्हे रे. लुरिक गेल्या मोसमात गेला. सकाळी पाणी बदलायला गेलो तर खाली पडलेला, हलका, कागदासारखा. एवढंच गाणं राहिलंय त्याचं. माझ्या फोनात राहीलच, पण मी ऐकतो तेव्हा त्याचे खालचे सूर तेवढे येतात, वरचा सगळा भाग मला रिकामा. मला वाटायचं, कुठेतरी, कुणाच्या तरी ओट्यावर, तो अख्खा ऐकू जातोय. सकाळी उठल्यावर बरं वाटायचं त्याने.

तुझा पक्षी गप्प का झाला? बरं, झाक त्याला.

इकडे ये जरा. चष्मा दे तो. हे का? हे निळं, मग हे, 'मागे घ्या'. विचारतोय बघ, नक्की का म्हणून. फोनालासुद्धा माझा संकोच.

दाबलं.

तुझ्या फोनात बघ, थांबलं? सगळीकडे थांबलं असेल ना एव्हाना? — बरं.

ऊठ आता. ऊन चढायच्या आत नीघ, पिल्लाला सोसत नाही. चहा राहू दे, मी ओतून देईन. एवढं मी वर्षभरात बोलत नाही. जा, मला जरा बसू दे.